झुलीखालची चाल

पाखऱ्या गोठ्यातून बाहेर आला तो नवरदेवासारखा. अंगावर आरशांची लाल झूल, शिंगांना ताजा हिंगूळ, कपाळावर गोंडा, गळ्यात घुंगरांचा पट्टा. कासरा धरून चालणाऱ्या चिमाजीनं स्वतःही धुतलेला सदरा घातला होता आणि टोपी नीट बसवली होती. काँक्रीटच्या रस्त्यावर मोबाईल धरून वाट बघत बसलेल्या शेफालीनं ते बघितलं आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

"आबा, ह्ये काय?"

"काय म्हंजी? तूच म्हनलीस व्हिडिओ काडायचाय."

"लंगडतो कसा, त्यो काढायचाय. झुलीत काय दिसनार? खांदा झाकला, निम्मा पाय झाकला."

"मग काय उघडा बैल दावायचा डॉक्टरला?" चिमाजीनं असं विचारलं, जणू लेकीनं त्यालाच बिनसदऱ्याचा उभा राहायला सांगितलं होतं.

शेफाली चिमाजीची धाकटी लेक, कामथडीला दिलेली. नसरापुरात औषधांच्या दुकानात कामाला जायची. आईचा, धोंडाबाईचा, फोन आला म्हणून ती दुकानात दोन दिवसांची रजा टाकून सकाळीच वेल्ह्याच्या एसटीनं आणि पुढं मिळेल त्या जीपनं पासलीला आली होती. आई फोनवर एवढंच बोलली होती, "पाखऱ्याला डागायचं ठरवलंय दोघांनी. अमुशाच्या सकाळी. तुझ्यानं काय हुतंय का बघ."

दोघं म्हणजे चिमाजी आणि शेजारचा कोंडिबा. चिमाजीकडं एक बैल, कोंडिबाकडं एक. दोघांचा वारंगुळा होता. दोघांचे बैल एका जुवाखाली जोडायचे, आज ह्याच्या रानात नांगर, उद्या त्याच्या. उतारावरच्या भाताच्या खाचरांत ट्रॅक्टर चढत नाही, आणि दोन बैल पोसणं दोघांपैकी एकालाही झेपत नाही. म्हणून पाखऱ्या चिमाजीचा असला तरी त्याचा पाय निम्मा कोंडिबाचाही होता. उन्हाळ्यात शेणखताच्या गाड्या ओढताना पाखऱ्या उजव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला. त्याच्या खांद्यावर जू घासून झालेली जुनी गाठ होती. कोंडिबानं गाठ दाबून बघितली, मान हलवली आणि सांगून टाकलं, खांदा धरलाय, डागल्याबिगर सुटत नाही. पेरणी तोंडावर आली होती. चिमाजी हो म्हणाला.

शेफालीनं लहानपणी एकदा बैल डागताना बघितला होता. चार माणसांनी पाडलेला, तोंडातून फेस, आणि तो वास. त्या बैलाचा पाय सुटला की नाही हे तिला आठवत नव्हतं. वास आठवत होता.

पासलीला निघण्याआधीच तिनं भोरच्या रघुवीर डॉक्टरांना फोन लावला होता. सासरच्या गाईला तेच बघायचे. डॉक्टर म्हणाले, शनिवारच्या आत वर येणं जमणार नाही. पण मग त्यांनीच मार्ग सुचवला, आणि तो आवाजात रेकॉर्ड करून पाठवला, म्हणजे विसरायला नको: "बैल सपाट, कठीण जमिनीवर चालवा. एका बाजूनं व्हिडिओ काढा, सगळे पाय आणि डोकं दिसलं पाहिजे. तुमच्या मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर त्यात काढा. लंगडणं खांद्यातलं आहे की खालचं, ते साध्या नजरेला फसवतं. संथ केलं की कळतं. मी बघून सांगेपर्यंत डागू देऊ नका."

अमावास्या उद्यावर होती. सळी उद्या सकाळी तापणार होती.

वस्तीवर सपाट आणि कठीण अशी एकच जागा, गेल्या वर्षी झालेला काँक्रीटचा रस्ता. मोबाईल नवा होता, त्यात स्लो मोशन होतं. नणंद प्रेरणाच्या साखरपुड्यात शेफालीनं त्यात उडणाऱ्या पाकळ्या काढल्या होत्या आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. बैलाचं चालणं ते काय, दहा मिनिटांचं काम, असं तिला सकाळी वाटलं होतं.

"बरं, असंच चाला," ती म्हणाली. झुलीवरून वाद घालत बसलं तर ऊन जाईल. "त्या बाभळीपासनं हितपातुर. मधी थांबायचं न्हाई."

चिमाजी निघाला. पण तो मोबाईल आणि बैल यांच्या बरोबर मधून चालला, तोंड मोबाईलकडं करून. पाखऱ्याची शिंगं आणि शेपटी तेवढी बापाच्या दोन्ही बाजूंनी दिसत राहिली. शेफालीसमोर आल्यावर तो थांबला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास रोखून उभा राहिला.

"थांबलात कशाला?"

"निगाला न्हाई का फोटू?"

"फोटू न्हाई आबा, व्हिडिओ. आनि तुमी पलीकडनं चाला. बैल माझ्याकडं, तुमी तिकडं. मला सिलो मोशनमधी घ्यायचंय, समदं हळू दिसतंय त्यात."

दुसऱ्या खेपेला चिमाजी पलीकडून चालला. पण असा चालला, की पाखऱ्या दोनदा थांबून त्याच्याकडं बघायला लागला. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं उचलायचं. देवळाला दंडवत घालत निघालेलं माणूस याच्यापेक्षा लवकर पोचलं असतं.

"आबा, चाला की नीट!"

"हळू म्हनलीस न्हवं?"

"तुमी हळू न्हाई चालायचं. मोबाईल हळू दावतो."

"मग तसं सांगावं. उगाच माझं पाय भरलं," चिमाजी म्हणाला आणि बैल वळवून परत बाभळीकडं गेला.

तिसऱ्या खेपेला चूक शेफालीची झाली. कॅमेऱ्यात स्लो मोशनशेजारी आणखी एक प्रकार होता, त्याहून संथ. जितकं संथ तितकं बरं, म्हणून तिनं तो दाबला. तो प्रकार दाबल्यापासून अर्ध्या सेकंदापुरतंच टिपतो, हे तिला नंतर बघताना कळलं. पाखऱ्याचा एक खूर जमिनीवरून उठला, अतिशय देखणा उठला, आणि व्हिडिओ संपला. चौथ्या खेपेला सगळं जुळलं होतं आणि मोबाईलनं मधेच पाटी दाखवली: जागा शिल्लक नाही.

तिनं रस्त्याच्या कडेला बसून साखरपुड्याच्या पाकळ्या पुसल्या. तरी जागा होईना. पुसलेलं मोबाईलच्या कचरापेटीत महिनाभर पडून राहतं आणि तिथंही जागा अडवतं, हे शोधून काढण्यात बराच वेळ गेला. पेटी रिकामी केल्यावर पाकळ्या कायमच्या गेल्या. प्रेरणा विचारणार, तेव्हा काय सांगायचं, हा विचार तिनं बाजूला सारला. डोंगराची सावली रस्त्याच्या दिशेनं सरकत होती. सावलीत स्लो मोशन काळंकुट्ट येतं, एवढं तिला ठाऊक होतं.

पाचवी खेप सुरू झाली आणि ओढ्याकडून कोंडिबा आपल्या बैलाला, मथुऱ्याला, पाणी पाजून आला. आला तो सरळ चित्रात. मथुऱ्या पाखऱ्याच्या अलीकडून डुलत गेला, वर कोंडिबा थांबून बघायला लागला.

"काय चिमाजी! लेकीनं पिक्चर काडलाय जनू. हिरो कोन, तू का बैल?"

"बैल. म्या आपला धरायला हाय," चिमाजी म्हणाला.

"तात्या, जरा बाजूला व्हा," शेफाली म्हणाली. "डॉक्टरला पाठवायचाय."

"पाठीव की. डॉक्टर भोरात, बैल हितं, आनि मधी तुजा मोबाईल. व्हिडिओत हात घालून गाठ चाचपनार हाय का त्यो?" कोंडिबानं मथुऱ्याला टिचकी दिली. "चिमाजी, सळी म्या घिऊन येतो सकाळी. तू गवऱ्या पेटवून ठिव. पेरनीला बैल लागतोय, पिक्चर न्हाई."

तो गेला.  शेफालीला वाटलं, आता बाप बैल घेऊन गोठ्यात जाणार. पण तो तिथंच उभा राहिला आणि झुलीचा एक सुटलेला टाका बोटानं चाचपत राहिला.

"आबा, झूल काढा. एकदाच."

"न्हाई."

"का पन?"

"तुज्या ह्या मोबाईलमधनं समद्या मोबाईलमधी जातंय. लगीन इकडं लागतंय आनि अक्षदा पडायच्या आत तिकडं मुंबईत बघत्यात. उद्या ह्यो जाईल वेल्ह्याच्या बाजारात. बघा, चिमाजीचा बैल लंगडा." त्याचा आवाज खाली आला. "कोंडिबानं वारंगुळा सोडला, तर दुसरा कोन जोडी करंल माज्यासंगं?"

तेव्हा शेफालीला कळलं की झूल डॉक्टरांच्या मानापोटी नव्हती. ती गावाच्या नजरेसाठी होती. तिला बापाची कीव आली आणि तितकाच संतापही आला, कारण सावली आता बाभळीपर्यंत पोचली होती.

"फक्त डॉक्टरला जाईल," ती म्हणाली. "काम झालं की तुमच्यादेखत पुसते. शप्पथ."

"पुसशील?"

"पुसते म्हनलं ना."

तरी त्याचा हात झुलीच्या गाठीकडं जाईना. शेवटी धोंडाबाई ओट्यावरून उठून आली. तिनं झुलीच्या गाठी सोडल्या, झूल ओढून खांद्यावर टाकली, घुंगरांचा पट्टाही काढला. "जनावर हाय त्ये," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याला कुठं लाज वाटतीया?" आणि झूल घेऊन परत ओट्यावर जाऊन बसली.

उघडा पाखऱ्या बाभळीपासून निघाला. चिमाजी पलीकडून, मान खाली घालून. कासरा ढिला. बैलाचं डोकं, खांदा, चारी पाय, सगळं चित्रात. बैल तिच्यासमोरून पुढं गेला आणि वळणावर चिमाजीनं मागं बघून हात हलवला, झालं का म्हणून. झालं होतं. मागोमाग रस्त्यावरचं ऊन गेलं.

नेटवर्क वस्तीवर नव्हतं. ते पाण्याच्या टाकीजवळ, चढ चढून गेल्यावर मिळायचं. शेफाली टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि व्हिडिओ डॉक्टरांना पाठवून दिला. गोल फिरत, अडत, एकदाचा गेला. गेल्यावर तिनं सहज पाठवलेला उघडून बघितला आणि तिच्या तोंडून शिवी निघाली. तिच्या मोबाईलमध्ये संथ दिसणारा व्हिडिओ पाठवताच साधा झाला होता. बैल टकटक टकटक करत गेला, संपला. खेड्यातला कुठलाही बैल, कुठल्याही रस्त्यावर.

तिनं परत आपला व्हिडिओ उघडला. खाली एक पट्टी होती आणि पट्टीवर दोन खुंट्या. त्या दोन खुंट्यांच्या मधलं तेवढं संथ, बाकीचं साधं, अशी ती रचना होती. मोबाईलनं स्वतःच्या अकलेनं खुंट्या लावल्या होत्या त्या शेवटाकडं, जिथं चिमाजी मागं वळून हात हलवत होता. बापाचा हात सावकाश वर जात होता, बोटं एकेक करून उघडत होती, मिशीखालचं तोंड हळूहळू फाकत होतं. ज्याच्यासाठी दिवस घालवला, तो बैल तेवढा साध्या वेगात निघून जात होता.

शेफालीनं खुंटी ओढली. बोट जाड, पट्टी बारीक. खुंटी पुढं गेली, मागं आली, एकदा सगळीच पट्टी सरकली. कापायला गेली तर पुढची चार पावलंच कापली गेली. परत आणलं. प्रत्येक वेळी खुंटी बरोबर बसली का बघायला व्हिडिओ पहिल्यापासून चालवावा लागे. नांगराला जुंपलेल्या बैलासारखा पाखऱ्या त्याच तुकड्यातून पुन्हा पुन्हा जात होता, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच्या खांद्याकडं बघत होती. गाठ होती, आपल्या जागी होती. पण गाठीमुळं काही होतंय असं दिसत नव्हतं.

मग कंटाळून, खांदा बघून बघून डोळे शिणले म्हणून, ती खाली बघायला लागली. पायाकडं.

डावा खूर टेकत होता तो सरळ, दोन्ही फाका एकदम, आणि वजन पडल्यावर दोन्ही फाका जराशा फाकत होत्या. उजवा खूर तसा टेकत नव्हता. बाहेरची फाक टेकायची. आतली फाक जमिनीपर्यंत यायची आणि थबकायची, चटका बसेल म्हणून सावध झाल्यासारखी. जेमतेम लागायची आणि उचलली जायची. त्याच वेळी बैलाचं डोकं वर जायचं. टेकला, डोकं वर. उचलला, डोकं खाली. तिनं खुंट्या सोडून दिल्या आणि बोटानं चित्र एकेक पुढं ढकलत बघितलं. आतल्या फाकेवरच्या पत्रीची कड चमकत होती.

पत्र्या. काँक्रीटवर गाडी ओढून बैलांचे खूर झिजायला लागले म्हणून कोंडिबानंच नालबंद आणून दोन्ही बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारून घेतल्या होत्या. आईनं तेव्हाच एका फोनवर तेही सांगितलं होतं, कौतुकानं. त्यानंतरच्याच आठवड्यात पाखऱ्या लंगडायला लागला होता. पण त्याच आठवड्यात खताच्या जड गाड्याही ओढल्या होत्या, आणि खांद्यावर गाठ होती. गाठ दिसत होती, खिळा दिसत नव्हता.

तिनं खुंट्या बसवल्या, संथ केलेला व्हिडिओ वेगळा साठवला आणि पाठवायला लावला. तो जड झाला होता. गोल फिरत राहिलं. डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. पहिल्या, साध्या व्हिडिओखाली त्यांनी बघितल्याची खूण नव्हती. दिवेलागण झाली, आईनं खालून हाक मारली, तरी गोल फिरतच होतं.

सकाळी गवऱ्यांचा विस्तव लाल झाला होता आणि कोंडिबाची सळी त्यात होती. वस्तीवरची दोन माणसं बैल धरायला आली होती. दावी काढून ठेवली होती. पाखऱ्या रवंथ करत उभा होता.

"तात्या, आधी ह्ये बघा," शेफाली मोबाईल घेऊन मधे उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हनला?"

"डॉक्टरचं आलं न्हाई अजून. तुमीच बघा."

उन्हात पडदा दिसेना. तिनं पदराची सावली धरली. कोंडिबा आणि चिमाजी दोन्ही बाजूंनी वाकले. पाखऱ्या संथ चालत आला, त्याची कातडी पाण्यासारखी हलली.

"आयला," चिमाजी म्हणाला. "काय दिसतुया! उघडा बी काय दिसतुया!" मग तो थबकला. "ह्यो पल्याड कोन, म्या? एवढा वाकलोय?"

"आबा, पाय बघा. पाय! उजवा. ही आतली फाक बघा, टेकत न्हाई. टेकली की लगीच उचलतोय, आनि डोकं वर. गाठीचं न्हाई त्ये. पत्रीचा खिळा लागलाय."

कोंडिबा सरळ झाला. "पत्र्या म्या मारून घेतल्या. माज्या डोळ्यांदेखत मारल्या. त्यो नालबंद माज्या बापापासनंचा."

"त्येला न्हाई म्हनत मी काय."

"आनि एवढं हळू केलं तर कुनाचा बी बैल लंगडा दिसंल. घोडा बी लंगडा दिसंल. तू बी दिसशील." बैल धरायला आलेली माणसं हसली.

 कालचा आख्खा दिवस, प्रेरणाच्या पाकळ्या, टाकीवरचे डास, आणि हा म्हणतो घोडा. तिनं मोबाईलवर बोट फिरवलं. पाचवी खेप तिनं पुसली नव्हती, विसरली होती म्हणून. तिनं त्यात खुंट्या लावल्या, पहिल्या झटक्यात लागल्या.

"ह्यो तुमचा मथुऱ्या. ह्यो बी हळू केलाय. बघा, दावा कुठं लंगडतोय त्यो."

मथुऱ्या पाखऱ्याच्या अलीकडून डुलत गेला. चारी खूर सपाट टेकले, दोन्ही फाका एकदम. डोकं घड्याळाच्या लंबकासारखं, ना वर ना खाली. कोंडिबानं बघितलं. परत दाखव म्हणाला नाही. पण मानही वळवली नाही.

"खिळं ठोकून बघा," शेफाली म्हणाली. "एकेक. काय न्हाई झालं तर डागा मग. मी बोलनार न्हाई."

"सळी निवंल."

"निवंल कशी," धोंडाबाई मागून म्हणाली आणि तिनं विस्तवावर आणखी दोन गवऱ्या टाकल्या. "लाल ऱ्हाती. ठोका तुमी."

कोंडिबानं चिमाजीकडं बघितलं. चिमाजीनं पाखऱ्याचा उजवा पाय उचलून गुडघ्यावर घेतला. कोंडिबा हातोडी घेऊन खाली बसला. बाहेरच्या फाकेवर ठोकलं. बैल रवंथ करत राहिला. पुढचा खिळा. रवंथ चालू. आतली फाक, पहिला खिळा. काही नाही. कोंडिबानं डोळ्याच्या कोपऱ्यातून शेफालीकडं बघितलं, आणि पुढच्या खिळ्यावर हातोडी हलकेच टेकवली.

पाखऱ्यानं पाय असा झटकला की चिमाजी मागं बसला.

 कोंडिबा उठला, घरात गेला, पक्कड घेऊन आला. दोघांनी मिळून पाय पुन्हा धरला. पत्री हलवून हलवून काढली. खिळा निघाला तेव्हा त्याच्या टोकाला काळं, ओलसर काहीतरी होतं, आणि भोकातून घाण वास आला. शेफालीनं कडूनिंबाचा पाला उकळायला सांगितला आणि खूर कशानं धुवायचा, कशानं बांधायचा हे दुकानातल्या सवयीनं आईला दोनदा बजावलं. डॉक्टरांना इंजेक्शनचं विचारायला हवं होतं, पण वस्तीवर नेटवर्क नव्हतं.

कोंडिबानं सळी विस्तवातून काढून पाण्याच्या घमेल्यात टाकली. वाफ उठली. "नालबंदाला बगतो," एवढंच तो म्हणाला. मग जाता जाता, "पेरनीपातुर टेकला तर हाय जोडी. न्हाईतर मला दुसरं बगावं लागंल, चिमाजी. आधीच सांगून ठिवतो." ती धमकी नव्हती, तो फक्त हिशोब होता, आणि चिमाजीनं तो मान हलवून घेतला.

शेफालीला वाटलं होतं, खिळा निघाला की पाखऱ्या चालायला लागेल. पाखऱ्या गोठ्याकडं निघाला तो तसाच लंगडत. कदाचित थोडा जास्तच.

"हुईल," चिमाजी म्हणाला. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आता पूस."

"आबा, डॉक्टरनं अजून बघितला न्हाई."

"खिळा निगाला न्हवं? मग आता डॉक्टरला कशाला? शप्पथ घेतलीस."

त्याची नजर मोबाईलवर होती. शेफालीनं उघड्या पाखऱ्याचे व्हिडिओ शोधले, संथ केलेला आणि मूळचा, दोन्ही, आणि त्याच्यासमोर पुसले. चित्र गेलं, जागा रिकामी दिसली. चिमाजीनं समाधानानं श्वास सोडला. "त्यो झुलीतला ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "त्यो कुनाला बी पाठीव."

दुपारी ती वेल्ह्यात येऊन एसटीत बसली. बाजार मागं पडला तशी मोबाईलला जाग आली आणि सगळं एकदम येऊन पडलं. डॉक्टरांचा संदेश सकाळचाच होता: "व्हिडिओ मिळाला. पण साध्या वेगातला आहे, काही कळत नाही. स्लो मोशनचा पाठवा. तोवर डागू नका." त्याखाली टाकीवरून पाठवायला लावलेल्या व्हिडिओवर लाल खूण होती. पाठवता आला नाही, फाईल सापडत नाही.

शेफालीनं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. ज्यानं मागितला होता त्यानं तो बघितलाच नव्हता. बघितला होता त्या दोघांना तो नकोच होता.

व्हिडिओ अजून होता. कचरापेटीत, महिनाभर राहणार होता. कालच शिकली होती. तिनं पेटी उघडली. लहानसं चित्र, पाखऱ्याचा खांदा, पलीकडं बापाची टोपी. एक बोट लावलं की परत येईल, डॉक्टरांना जाईल, आणि डॉक्टर चांगला माणूस, कुणाला दाखवणार नाही. बापाला कधी कळणारही नाही.

ती बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिली. बाजूच्या बाईनं विचारलं, "तुमचा बैल का?" शेफालीनं मोबाईल पालथा केला.

मग तिनं पेटी रिकामी केली आणि डॉक्टरांना लिहिलं: "तो व्हिडिओ आता नाही. डागलं नाही. उजव्या पुढच्या खुराच्या आतल्या फाकेत खिळा लागला होता, काढला, आत पू आहे. इंजेक्शन काय द्यायचं ते सांगा. शनिवारी नक्की या." लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पहिल्याच फोनवर हे सगळं बोलून सांगता आलं असतं, फक्त तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

नसरापूर जवळ आलं तेव्हा आईचा फोन आला, टाकीपासून, धापा टाकत.

"टेकतोय का?" शेफालीनं आधी विचारलं.

"निम्मा," धोंडाबाई म्हणाली. "निम्मा टेकतोय. तुज्या आबानं परत झूल घातलीया त्येला. म्हनत्यात, परत कवा येनार हाय मोबाईल घिऊन?"